हाऊसफुल्ल स्टेडियम, तरी संघ गावाबाहेर: अमेरिकेतल्या दुय्यम आईस हॉकीचा हिशेब

वूस्टरकर_नचिकेत

आईस हॉकीवर मराठीत धागा काढला तर प्रतिसाद किती येणार हे ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगतो: यात गोल, पेनल्टी, मारामाऱ्या काही नाही. हा धागा पैशाचा आहे. एक अख्खा संघ एका गावातून उचलतात आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवतात. हे कोण ठरवतं, कशासाठी, आणि मागे राहिलेल्या गावाच्या हाती काय लागतं, यावर बोलायचंय. मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो, त्यामुळे इकडची उदाहरणं जास्त येतील.

ज्यांना रचना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. वरची लीग नॅशनल हॉकी लीग ऊर्फ एनएचएल, संघ ३२. तिच्याखाली अमेरिकन हॉकी लीग ऊर्फ एएचएल, १९३६ पासूनची. तिच्यातही ३२ संघ, आणि प्रत्येक संघ वरच्या एका क्लबाला बांधलेला. वरच्या क्लबाने करार केलेली विशीतली पोरं इथे तयार होतात. त्यांचे पगार वरचा क्लब देतो. संघाचा मालक स्थानिक असेल तर तो त्या बदल्यात पालक क्लबाला ठरलेली फी भरतो. त्याच्याही खाली ईसीएचएल. तिथले मालक बरेचसे स्वतंत्र, पगार तुटपुंजे, प्रवास बसचा.

आता मुद्द्यावर. जानेवारी २०१५ च्या अखेरीस एएचएलने जाहीर केलं की पाच संघ एकदम कॅलिफोर्नियात जाणार. मँचेस्टर (न्यू हॅम्पशायर) चा संघ ऑन्टारियोला, आमच्या वूस्टरचा सॅन होजेला, नॉरफोकचा सॅन डिएगोला, ग्लेन्स फॉल्सचा स्टॉकटनला आणि ओक्लाहोमा सिटीचा बेकर्सफील्डला. मँचेस्टरवाल्यांचं बघा. फेब्रुवारीत त्यांना कळलेलं आहे की हा आपला शेवटचा हंगाम. आणि जूनमध्ये त्याच संघाने युटिकाला हरवून कॅल्डर कप जिंकला! लीगचा करंडक उचलला आणि गाव सोडलं.

बदल्यात गावं अगदी मोकळी ठेवली नाहीत. ऑन्टारियो, स्टॉकटन आणि बेकर्सफील्डला आधीपासून ईसीएचएलचे संघ होते, ते उलटे मँचेस्टर, ग्लेन्स फॉल्स आणि नॉरफोकला पाठवले. म्हणजे वरच्या इयत्तेचा वर्ग गेला, खालच्या इयत्तेचा आला. मँचेस्टरचा तो खालचा संघही २०१९ मध्ये बंद पडला. वूस्टरला तर दोन वर्षं काहीच नव्हतं, २०१७ मध्ये ईसीएचएलचा नवा संघ आला.

सगळ्यांचा पहिला समज असा की प्रेक्षक येत नसतील म्हणून संघ हलवतात. माझं म्हणणं: एएचएलमध्ये तिकीटबारी हा दुय्यम मुद्दा आहे. पुरावा त्याच २०१५ च्या व्यवहारात आहे. कॅलिफोर्नियातल्या या पाच संघांनी २०१५-१६ मध्ये ६८ सामने खेळले, बाकी लीगने ७६. गुणतक्त्याची पंचाईत झाली, शेवटी टक्केवारीवर क्रम लावावा लागला. त्यावर इथल्या चाहत्यांनी भरपूर आरडाओरडा केला, पण पैशाच्या बाजूने कुणी फारसं बघितलं नाही. ८ सामने कमी म्हणजे घरचे ४ सामने कमी. तिकिटांवर पोट असणारा कुठला मालक घरच्या चार रात्रींच्या विक्रीवर आपणहून पाणी सोडेल? त्यांनी सोडलं, कारण त्यांना सरावाचे दिवस हवे होते. पोरांचं प्रशिक्षण हा त्यांचा माल, तिकीट ही वरकड कमाई.

दुसरं उदाहरण सेंट जॉन्सचं. न्यूफाउंडलंड बेटावरचं कॅनडाचं हे शहर, अटलांटिकच्या पार टोकाला. १९९१ ते २००५ टोरोंटोचा एएचएल संघ इथे होता. टोरोंटोने तो आपल्या शहरात नेला. २०११ मध्ये विनिपेगला एनएचएलचा संघ परत मिळाला, तेव्हा तिथला एएचएल संघ सेंट जॉन्सला आला. तो इथे आणण्यात प्रांताचे माजी प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्रीच) डॅनी विल्यम्स पुढे होते. सहा-सव्वासहा हजारांचं स्टेडियम, हंगामामागून हंगाम जवळपास प्रत्येक सामना हाऊसफुल्ल. २०१५ मध्ये विनिपेगने संघ परत नेला, आपल्याच एनएचएल संघाच्या इमारतीत. मग माँट्रियालने आपला संघ हॅमिल्टनहून सेंट जॉन्सला आणला, तोही दोनच वर्षं, लाव्हालचं नवं स्टेडियम तयार होईपर्यंत. लाव्हाल म्हणजे माँट्रियालला लागूनच. एका गावाने एएचएलचा संघ तीनदा गमावला आणि तिन्ही वेळा तो पालक क्लबाच्या अंगणात गेला. गावकऱ्यांनी अजून किती तिकिटं घ्यायची होती?

जाणकारांनी भर घालावी. चुकत असेन तर सांगा, पण नुसतं '+१' नको.

---

माईआजी_नेवाडा

नचिकेत, ऑन्टारियो कॅनडात ना रे? कॅलिफोर्नियात कुठून आणलंस?

---

वूस्टरकर_नचिकेत

माई, लॉस एंजेलिसच्या पूर्वेला त्याच नावाचं गाव आहे, विमानतळही आहे तिथे. मँचेस्टरचा संघ लॉस एंजेलिसच्या क्लबाचा. त्यांना मँचेस्टरचा पोरगा हवा असेल तर अख्खा देश ओलांडून विमान. ऑन्टारियोचा हवा असेल तर तासाभराची गाडी (ट्रॅफिक धरला तर जास्त, पण ते तुम्हाला मी काय सांगू).

---

हिशेबनीस

विषय वेगळाच आहे, आवडला. पण 'तिकीट दुय्यम' हे विधान आकड्याशिवाय पचत नाही. संघाच्या जमेच्या बाजूला नक्की काय काय असतं? टीव्हीचे हक्क? आणि पालक क्लबाला संघ जवळ असल्याने रोख फायदा काय होतो तेही सांगा. 'सोय होते' हे काही खातेवहीत लिहिता येत नाही.

---

वूस्टरकर_नचिकेत

@हिशेबनीस, टीव्हीचं जवळपास शून्य समजा. या पातळीवर जमा म्हणजे तिकीट, हंगामी पास, कंपन्या आणि शाळांना घाऊक विकलेली तिकिटं, प्रायोजक, जर्सी-टोप्या, खाणं-पिणं आणि पार्किंग. अंदाज यावा म्हणून धरून चालू: घरचे ३६ सामने, सरासरी ४,००० प्रेक्षक, माणशी २० डॉलर. २८ लाख ८० हजार होतात. हा आकडा माझा, समजण्यापुरता. यातून भाडं, प्रवास, हॉटेलं, कार्यालयातला स्टाफ, विमा आणि पालक क्लबाची फी भागवायची. उरतं ते फार नाही.

म्हणून खरी मारामारी भाडेकरारावर होते. बिअरचे पैसे कुणाचे, पार्किंगचे कुणाचे, भिंतीवरच्या जाहिरातीचे कुणाचे. मेन राज्यातल्या पोर्टलंडचं उदाहरण आहे. काउंटीने ३.३ कोटी डॉलर खर्चून स्टेडियमची डागडुजी काढली आणि २०१३ मध्ये नेमक्या त्याच वेळी संघ आणि स्टेडियमचे विश्वस्त यांच्यात करारावरून जुंपली. खाण्यापिण्याच्या, त्यातही दारूच्या विक्रीतला वाटा हा त्यातला कळीचा मुद्दा. संघाने २०१३-१४ चा अख्खा हंगाम लुइस्टन नावाच्या शेजारच्या गावात जुन्या रिंकमध्ये काढला. पुढच्या वर्षी समेट होऊन परतले, आणि २०१६ मध्ये संघ विकला जाऊन स्प्रिंगफील्डला गेलासुद्धा. नवीकोरी इमारत मागे राहिली.

आता रोख फायदा. बहुतेक तरुण खेळाडूंच्या करारात दोन पगार असतात: वर असेल तर मोठा, खाली असेल तर छोटा, आणि हिशेब दिवसाचा. वरच्या लीगला पगाराची कमाल मर्यादा आहे आणि तिचाही हिशेब रोजचा चालतो. २०२५ पर्यंत सामना नसेल त्या दिवशी पोराला कागदोपत्री खाली पाठवायचे, सामन्याच्या सकाळी परत वर घ्यायचे. असे दिवस साठवत गेलं की हंगामाच्या शेवटी एखादा महागडा खेळाडू घेण्याएवढी जागा मर्यादेत तयार व्हायची. खालचा संघ चार टाइम झोन पलीकडे असेल तर हा खेळ खेळणार कसा? शिवाय आयत्या वेळी गोलकीपर जखमी झाला तर दुसरा संध्याकाळपर्यंत पोचला पाहिजे. हे सगळं खातेवहीत लिहिता येतं, फक्त ती वही पालक क्लबाची असते, खालच्या संघाची नाही.

---

आल्बर्टाकर

कॅल्गरीहून रामराम. आमच्या फ्लेम्सच्या, म्हणजे कॅल्गरीच्या एनएचएल क्लबाच्या, एएचएल संघाची वरात कुणी सांगितली नाही म्हणून मीच सांगतो. २००५ ते ०७ ओमाहा. ०७ ते ०९ क्वाड सिटीज, म्हणजे इलिनॉय-आयोवाच्या सीमेवर. ०९ ते १४ अॅबट्सफर्ड, ब्रिटिश कोलंबिया. १४-१५ एकच वर्ष ग्लेन्स फॉल्स, न्यूयॉर्क. मग २०२२ पर्यंत स्टॉकटन. आणि आता कॅल्गरीतच, वरचा संघ खेळतो त्याच सॅडलडोममध्ये. सतरा वर्षांत सहा बिऱ्हाडं.

यातलं अॅबट्सफर्ड प्रत्येक नगरपालिकेने भिंतीवर लावून ठेवावं असं आहे. सव्वा लाखावर वस्तीचं गाव, त्यांनी सुमारे ७,००० खुर्च्यांचं स्टेडियम बांधलं आणि संघ मिळावा म्हणून दहा वर्षांचा करार केला: संघाला वर्षाला ५७ लाख डॉलर उत्पन्नाची हमी, कमी पडेल ते नगरपालिका भरणार. आणि कमी पडतच गेलं. कारण साधं होतं. व्हँकुव्हर तिथून तासाभरावर, सगळं खोरं तिथल्या कनक्स या एनएचएल संघाचं भक्त, आणि त्यांच्या उरावर आणून बसवला कनक्सच्या हाडवैऱ्याचा पोरसंघ! आपल्याच गावात आपल्याच पैशाने शत्रूची पोरं वाढवायची. लोक फिरकले नाहीत. २०१४ मध्ये करार मोडायला नगरपालिकेने फ्लेम्सला आणखी ५५ लाख डॉलर दिले. संघाने जावं यासाठी दिलेले पैसे आहेत हे, लक्षात घ्या.

माझ्या मते हमीची कल्पनाच आतून किडलेली होती. तोटा दुसरा भरणार असेल तर तिकिटं खपवायला दारोदार कोण जाईल?

---

तिरकस

वा, आल्बर्टाकर. तुम्ही नचिकेतरावांच्या सिद्धांताला सुरुंगच लावलात, आणि तेही त्यांची बाजू घेता घेता.

२०२१ मध्ये त्याच अॅबट्सफर्डमध्ये, त्याच इमारतीत कनक्सनी आपला संघ आणला. तेच गाव, तोच बर्फ, त्याच खुर्च्या. बदललं फक्त छातीवरचं चिन्ह. आता लोक येतात. २०२५ मध्ये त्यांनी कॅल्डर कपही जिंकला. म्हणजे प्रेक्षक कुणाला हवा असतो आणि कुणाला नको, यावर सगळं अवलंबून आहे की नाही? 'तिकीट दुय्यम' म्हणून कसं चालेल?

दुसरं म्हणजे ईसीएचएलकडे बघा. अलास्का एसेस, अँकरेजचा संघ. २००६, २०११, २०१४ अशी तीन विजेतेपदं. तेलाचे भाव कोसळले, राज्याची अर्थव्यवस्था आक्रसली, तिकीटविक्री घसरली, २०१७ मध्ये दुकान बंद. त्यांचा परवाना, म्हणजे लीगमध्ये संघ उतरवायचा हक्क, फिलाडेल्फियाच्या एका कंपनीने घेतला आणि २०१८ मध्ये नेऊन ठेवला कुठे, तर वर उल्लेख आलाय त्या पोर्टलंड, मेनला. नकाशावर याहून लांब नेता आला नसता. सॅन फ्रान्सिस्को बुल्स तर जानेवारी २०१४ मध्ये हंगामाच्या ऐन मध्यात बंद पडले. तिथे कुठला पालक क्लब आणि कुठलं प्रशिक्षण? गल्ल्यात पैसे नव्हते, बस्स.

---

वूस्टरकर_नचिकेत

@तिरकस, ईसीएचएलला मी तो नियम लावलाच नव्हता, मूळ लेखात 'एएचएलमध्ये' असं स्पष्ट लिहिलंय. स्वतंत्र मालकाला गल्ला हाच आधार, हे मान्यच. शिवाय त्या पातळीवर विमा बोकांडी बसतो. खेळाडू दर आठवड्याला जखमी होतात आणि कामगार भरपाईचा हप्ता मालकाला भरावा लागतो. कॅलिफोर्नियात तो जास्तच जाचक होता असं तिथले संघमालक कायम सांगत.

अॅबट्सफर्डबद्दल मात्र तुम्ही उलटं वाचताय. कनक्स तिथे गर्दीसाठी गेले नाहीत. त्याआधी त्यांचा संघ न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकाला होता, आणि युटिकात गर्दी कमी नव्हती. उलट चार हजारांहून कमी खुर्च्यांचं ते जुनं सभागृह सलग कित्येक सामने हाऊसफुल्ल जायचं. भरलेलं सभागृह सोडून ते घराजवळ आले. मी म्हणतो ते हेच. गर्दी मिळाली ती बोनस.

आणि आता तुम्ही परवान्याचा विषय काढलाच आहे, तर या कनक्सच्या परवान्याची वंशावळ बघाच. स्प्रिंगफील्ड, मॅसॅच्युसेट्स, लीगच्या अगदी सुरुवातीच्या काळातला संघ. १९९४ मध्ये तो परवाना वूस्टरला आला. २००५ मध्ये वूस्टरहून पिओरिया, इलिनॉय. २०१३ मध्ये कनक्सनी तो सेंट लुइसकडून विकत घेतला आणि युटिकाला नेला. २०२१ मध्ये अॅबट्सफर्ड. म्हणजे २०२५ चा करंडक जिंकणाऱ्या संघाचा सातबारा काढला तर वरती आमच्या शेजारच्या स्प्रिंगफील्डचं नाव निघेल. पण गंमत अशी की परवाना जातो, नाव मात्र बऱ्याचदा गावातच राहतं. पिओरियात 'रिव्हरमेन' अजून खेळतात, खालच्या लीगमध्ये. युटिकात 'कॉमेट्स' आहेतच, फक्त परवाना न्यू जर्सीचा, जो बिंगहॅम्टनहून आला. नवख्या माणसाने इतिहास लिहायला घेतला तर वेड लागेल.

---

बालेवाडी_एक्सप्रेस

हे वाचून जुनी जखम भळभळली. २०१९ मध्ये आमचा फुटबॉलचा संघ, एफसी पुणे सिटी, असाच गेला. मालकांना पैसे झेपेनात, संघ गुंडाळला, आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला मिळाली. त्याच उन्हाळ्यात दिल्ली डायनामोज भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाला. तिथे राज्य सरकारने सामंजस्य करार करून स्टेडियमसकट बोलावून घेतलं होतं. पुण्यात कोण बोलावणार होतं? बालेवाडीत आम्ही ढोल घेऊन जायचो, स्टँडमधले आवाज कमी नव्हते. नावसुद्धा राहिलं नाही हो आमचं.

---

तिरकस

+१ बालेवाडी. सॉरी, नचिकेतराव, '+१ नको' लिहिलं होतं नाही का.

---

खाडीकाठ

सॅन होजेवरून लिहितेय. वूस्टरचा जो संघ इकडे आला त्याचं नाव बॅराकुडा. पहिली काही वर्षं तो वरच्या संघाच्याच सॅप सेंटरमध्ये खेळायचा. सतरा हजारांवर खुर्च्यांची ती इमारत, आणि त्यात इकडे-तिकडे विखुरलेली मूठभर माणसं. आमची मुलं पॉपकॉर्न घेऊन हव्या त्या रांगेत धावत सुटायची, कुणाची काही हरकत नसायची. प्रेक्षकसंख्येवर जर संघाचं भवितव्य ठरत असतं तर हा संघ तेव्हाच गेला असता.

गेला नाही. उलट २०२२ मध्ये त्यांनी त्याच्यासाठी ४,२०० खुर्च्यांचं छोटं स्टेडियम बांधलं, तेही वरच्या संघाच्या सरावाच्या रिंकांना लागून. याचं अर्थकारण मला तिथे मुलांना स्केटिंगला सोडताना कळलं. तिथले बर्फाचे रिंक पहाटेपासून रात्रीपर्यंत भाड्याने जातात: लहान मुलांचे वर्ग, फिगर स्केटिंग, नोकरदारांच्या रात्रीच्या लीगा. ऑफिसमधले आमचे अर्धे लोक तिथे रात्री साडेदहाला खेळायला जातात. एएचएलचा संघ हा त्या सगळ्या दुकानाचा दर्शनी भाग. तिकिटातून मिळतं त्यापेक्षा, संघ बघून हॉकी शिकायला आलेल्या पोरांच्या फीमधून जास्त मिळत असणार, असा माझा अंदाज. आमच्या खिशातून तरी तसंच जातं.

---

हिशेबनीस

खाडीकाठ, उत्तम मुद्दा. म्हणजे बर्फ हेच भांडवल, संघ ही जाहिरात.

एक शंका. ओक्लाहोमा सिटीचा संघ कॅनडातल्या एडमंटनच्या क्लबाचा होता ना? मग बेकर्सफील्ड एडमंटनच्या जवळ कुठे आहे? नकाशा बघितला. ओक्लाहोमाहून तिथे नेऊन एडमंटनवाल्यांनी काय वाचवलं?

---

वूस्टरकर_नचिकेत

बरोबर पकडलंत, अंतराचा मुद्दा एडमंटनला लागू होत नाही. त्यांचा फायदा दुसरा. एक, बेकर्सफील्डचा ईसीएचएल संघ त्यांनी आधीच विकत घेतलेला होता, म्हणजे कार्यालय, कर्मचारी, भाडेकरार, हंगामी पासधारकांची यादी सगळं तयार. नव्या गावात शून्यातून तिकीटविक्री उभी करणं हा स्थलांतरातला सगळ्यात मोठा छुपा खर्च असतो, तो वाचला. दोन, विभागातले पाच संघ एकाच राज्यात आल्याने प्रतिस्पर्ध्याकडे जाणं बसने. सकाळी सराव, दुपारी बस, रात्री आपल्या बिछान्यात. विमान आणि हॉटेल दोन्ही वाचतं.

हा शेजाऱ्यांचा मुद्दा फार मोठा आहे. सेंट जॉन्सला तो नडायचा. बेटावर यायचं म्हणजे विमान, त्यामुळे पाहुण्या संघांच्या प्रवासाचा भार यजमानाला उचलावा लागे. आपला खर्च भागवा, वर पाहुण्यांचाही.

---

माईआजी_नेवाडा

आमच्या हेंडरसनचं मी सांगते. लास वेगासच्या क्लबाने २०२० मध्ये सॅन अँटोनियोचा संघ विकत घेतला, तिथल्या बास्केटबॉलवाल्या स्पर्सच्या कंपनीकडून, आणि इकडे आणला. हेंडरसनने नवीन स्टेडियमच्या खर्चातला निम्मा वाटा उचलला, २०२२ मध्ये ते सुरू झालं. आमच्या भिशीत तेव्हा वाद झाला होता की कराचे पैसे हॉकीला कशाला. मी गप्प बसले, कारण नातू खेळतो. पण मला अजून कळत नाही, गावाला यातून मिळतं काय? नोकऱ्या वाढतात म्हणतात ते खरं का?

---

हिशेबनीस

माई, खेळांच्या अर्थशास्त्रात इतकं एकमत दुसऱ्या कुठल्या प्रश्नावर क्वचितच असेल: सरकारी पैशाने बांधलेली स्टेडियमं गावाचं एकूण उत्पन्न फारसं वाढवत नाहीत. कुटुंबाचा करमणुकीचा महिन्याचा खर्च ठरलेला असतो. हॉकीला गेले की त्या शनिवारी सिनेमा आणि हॉटेल रद्द. पैसा गावातल्या गावात खिसा बदलतो. नोकऱ्या निघतात त्या बहुतेक संध्याकाळपुरत्या, तिकीट फाडणाऱ्यांच्या आणि नाचो विकणाऱ्यांच्या.

मग नगरपालिका करतात का? कारण इमारत आधीच उभी असते आणि रोख्यांचे हप्ते चालू असतात. वर्षाला ३६ रात्री नक्की भरणारा भाडेकरू गेला तर त्या तारखांना काय लावणार? तितक्या मैफली आणि ट्रॅक्टर-शो मिळत नाहीत. संघाला हे पक्कं ठाऊक असतं. 'दुसरं गाव बोलावतंय' एवढं पुटपुटलं की भाडं खाली येतं.

---

वूस्टरकर_नचिकेत

याची जास्त हुशार आवृत्ती पेनसिल्व्हेनियातल्या अॅलनटाउनची. फिलाडेल्फियाचं स्पेक्ट्रम हे स्टेडियम २००९ मध्ये बंद झालं, तेव्हा तिथला फँटम्स हा एएचएल संघ नव्या मालकांनी घेतला आणि तात्पुरता ग्लेन्स फॉल्सला ठेवला, अॅलनटाउनचं स्टेडियम होईपर्यंत. राज्याने शहराच्या मधल्या सव्वाशे एकरांच्या आसपास जागेला खास क्षेत्र ठरवलं: त्या क्षेत्रात गोळा होणारा राज्याचा कर तिथल्याच बांधकामाच्या कर्जाला वळवायचा. २०१४ मध्ये ते स्टेडियम, पीपीएल सेंटर, उघडलं, आजूबाजूला कचेऱ्यांच्या इमारती उठल्या, पडीक मध्यवस्ती बदलली. लोक याला यशोगाथा म्हणतात. मी जरा हात राखून म्हणेन. तो कर अॅलनटाउनचा नव्हता, सगळ्या राज्याचा होता. कचेऱ्यांमधल्या काही कंपन्या शेजारच्या गावांतून उठून आल्या, आणि त्या गावांनी बोंब मारलीच.

आणि ग्लेन्स फॉल्सचं काय? पंधरा हजारांच्या आसपास वस्ती. फँटम्स गेले, फ्लेम्स आले, वर्षात तेही गेले, मग ईसीएचएलचा थंडर आला. तेव्हा गावातल्या व्यापारी-उद्योजकांनी मिळून गट केला. स्टेडियम चालवायला घेतलं आणि २०१७ मध्ये फ्लेम्सकडून संघच विकत घेतला. बिअर आपली, पार्किंग आपलं, संघही आपला. आता भाड्यावरून भांडायला समोर कुणी उरलंच नाही. दुय्यम हॉकीत मला पटलेला गावाच्या बाजूचा खरा उपाय हा एवढाच.

---

आल्बर्टाकर

सहमत, पण हे एएचएलमध्ये परवडणार नाही. तिथला परवाना महाग आणि पालक क्लब कधी उठून जाईल सांगता येत नाही. युटिका वाचलं कारण तिथला चालक, माजी गोलकीपर रॉबर्ट एश, याने कनक्स जाताच न्यू जर्सीशी बोलणी करून त्यांचा संघ मिळवला. त्या नादात बिंगहॅम्टन रिकामं झालं. खुर्च्या ३२ आणि खेळ संगीत खुर्चीचा. कुणीतरी उभं राहणारच.

---

खाडीकाठ

बिंगहॅम्टन रिकामं झालं म्हणजे संपलं का मग? माझी मावसबहीण तिथल्या विद्यापीठात होती, हॉकीचं वेड होतं म्हणे गावाला.

---

वूस्टरकर_नचिकेत

नाही ना! तेच तर. २०२१ मध्ये एएचएल गेल्याबरोबर त्याच वर्षी एफपीएचएल नावाच्या बऱ्याच खालच्या लीगचा ब्लॅक बेअर्स संघ आला. एनएचएलशी काही संबंध नाही, इथून वर जाणारा पोरगा विरळाच. तरी त्या लीगमध्ये सर्वात जास्त गर्दी खेचणाऱ्यांत हे गाव आहे, आणि २०२४ मध्ये त्यांनी लीगही जिंकली. आधीच्या संघाचे खेळाडू निम्म्या हंगामात वर निघून जायचे, जर्सीवर नाव छापून घ्यायची सोय नाही. आताचे जातच नाहीत, कारण जायला जागा नाही. लोकांना तेच आवडलेलं दिसतंय.

---

हिशेबनीस

भावना समजली. पण इतक्या खालच्या लीगच्या स्वस्त तिकिटांवर स्टेडियमचे हप्ते कसे फिटतात?

---

वूस्टरकर_नचिकेत

ते स्टेडियम १९७३ चं आहे, काउंटीचं. बांधकामाचं कर्ज केव्हाच फिटलेलं असणार. आता फक्त बर्फ थंड ठेवायचा आणि छत गळू द्यायचं नाही. अॅलनटाउनमध्ये हा संघ ठेवला असता तर पहिल्याच वर्षी दिवाळं निघालं असतं.

---

माईआजी_नेवाडा

हेंडरसनच्या आमच्या स्टेडियमचं कर्ज कधी फिटणार ते कुणीतरी शोधून सांगा रे. भिशी या रविवारी आहे.